चकलांब्याच्या मातीतला ब्लॉक

लग्नाच्या पंगतीत शेजारची अनोळखी बाई हमखास विचारते, "तुम्ही कुठं असता नोकरीला?" मी "दवाखान्यात" म्हणते आणि भाजीचं पातेलं तिच्याकडे सरकवते. एकदा केजकडच्या एका लग्नात मला काय हुक्की आली कोण जाणे, मी खरं ते सांगून टाकलं. "ऑपरेशनमध्ये माणसाच्या अंगातून जे काढतात ना, गाठ, पित्ताशय, गर्भाशय, ते सांभाळायचं माझं काम." बाईनं हळूच आपलं ताट उचललं आणि समोरच्या ओळीत जाऊन बसली. तेव्हापासून नवऱ्याची ताकीद आहे, पाहुण्यांत नुसतं "लॅबमध्ये" म्हणायचं. दिवाळी अंकात ताट उचलून जायची सोय नसते, म्हणून इथं जरा सविस्तर सांगते.

बीड जिल्ह्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात मी तंत्रज्ञ होते, यंदा निवृत्त झाले. आमचं काम समजायला अवघड नाही. शरीरातून तुकडा बाहेर काढला की तो त्या क्षणापासून नासायला लागतो. म्हणून तो आधी फॉर्मॅलिनमध्ये बुडवायचा. मग त्यातलं पाणी काढून त्या जागी वितळलेलं मेण भरायचं. मेण गार झालं की बोटाच्या पेराएवढी चौकोनी वडी तयार होते, तिला ब्लॉक म्हणतात. या वडीचे यंत्रावर काप काढायचे, तेही इतके पातळ की जवळ उभं राहून शिंकायचीसुद्धा चोरी. काप कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायचे, रंगवायचे आणि डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. आजार आहे की नाही, कोणता आहे, किती बळावलाय, ते तिथं दिसतं. ब्लॉकवरचा नंबर पेन्सिलनं लिहायचा, कारण शाई औषधांत विरघळून जाते आणि पेन्सिल हटत नाही.

पुढं आमच्या रुग्णालयानं मोठ्या शहरातल्या एका संस्थेबरोबर स्तनाच्या कर्करोगावरच्या संशोधनात भाग घेतला आणि नमुन्यांची जबाबदारी माझ्यावर आली. बाईला आधी सगळं समजावून विचारायचं. ती हो म्हणाली तरच तिच्या गाठीचा एक कण गोठवून संस्थेकडे जायचा आणि गरज पडली तर ब्लॉकचे कापही जायचे. प्रत्येक नमुन्याबरोबर त्याच्यावर काय काय गुजरलं ते लिहून द्यावं लागे. अंगाबाहेर आल्यावर फॉर्मॅलिनमध्ये जायला किती वेळ लागला, फॉर्मॅलिनमध्ये किती राहिला, मेणात गेल्यावर कुठं ठेवला, तिथं किती गरम होतं. लोकांना ही कारकुनी वाटते. पण समजा आमच्याकडच्या बाईच्या गाठीत काही निराळं दिसलं, तर ते बाईचं निराळेपण, की ऑपरेशन झाल्यावर गाठ ट्रेमध्ये पडून राहिली आणि सगळे चहाला गेले त्याचा परिणाम, हे लिहून ठेवल्याशिवाय कुणाला कळणार? यावरून मी सर्जन लोकांशी इतकी भांडले आहे की ऑपरेशन थिएटरात मला घड्याळबाई म्हणायचे. मीही त्यांना मागं बरंच काही म्हणायची, ते इथं छापण्यासारखं नाही.

माणसं विलक्षण भेटली. घाटनांदूरचे एक निवृत्त गुरुजी होते. तुमच्या नमुन्याचा थोडा भाग पुढं कदाचित परदेशातल्या प्रयोगशाळेतही जाईल, असं मी त्यांना नियमाप्रमाणे सांगितलं. ते एकदम ताठ बसले. "जाऊ द्या की. मी जन्मात औरंगाबादच्या पुढं गेलो न्हाई. त्याला तरी इमानात बसू द्या." नंतर दर तपासणीला येऊन ते मला विचारायचे, पोचला का. दुसरा एक जण कड्याकडचा. यंत्रात पाय चिरडला म्हणून गुडघ्याखालून काढावा लागला. त्याच्या भावांनी पाय मागून घेतला, पांढऱ्या कापडात बांधला आणि शेतात नेऊन पुरला. आमच्या भागात ही रीत आहे. अंगाचा भाग उकिरड्यावर जाऊ नये, कुत्र्यामांजरानं ओढू नये, त्याला माती मिळावी. मला त्यात कधी वावगं वाटलं नाही. पाय पुरला तर कुणाचं बिघडत नाही.

ब्लॉकचं तसं नसतं, हे मला चकलांब्याच्या सुमननं आणि तिच्या सासूनं दाखवलं.

सुमन तिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई, स्तनात कर्करोगाची गाठ. नवरा बाळासाहेब गावचा उपसरपंच, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, आवाज मोठा. कुठल्याही दवाखान्यात शिरताना आधी कुणाला तरी फोन लावून शिरायचा. पण आईसमोर त्याचा आवाज पार खाली येई. आई गयाबाई. काटक, बोलायला कमी. सुमनच्या केमोच्या प्रत्येक सलाईनला ती उशाशी बसलेली असायची आणि सुमनला उलटी झाली की पदरानं तोंड पुसायची. मी बऱ्याच सासवा पाहिल्या आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

सुमनच्या बाबतीत प्रश्न एकाच गोष्टीवर अडला होता. काही बायकांच्या गाठीतल्या पेशींवर एक प्रथिन फाजील वाढलेलं असतं. अशांसाठी नेमकं त्यावरच जाणारं इंजेक्शन आहे आणि त्यानं रोग परत उलटायचा धोका खूप कमी होतो. ते प्रथिन ज्यांच्यात नाही त्यांना ते द्यायचं नाही, उगाच हृदयाला त्रास. सुमनचा पहिला निकाल काठावर आला, ना हो ना नाही. अशा वेळी एक पुढची, जास्त बारकाईची तपासणी करतात, ती फक्त त्या संस्थेत, संशोधनाचा भाग म्हणून होणार होती. सुईनं काढलेला पहिला तुकडा आधीच्या तपासण्यांत संपून गेला होता. ऑपरेशनआधीच्या औषधांनी गाठ विरघळत आली होती, ही एरवी आनंदाची गोष्ट. पण त्यामुळं ऑपरेशननंतर केलेल्या सगळ्या ब्लॉकमधून एकाच ब्लॉकात रोगाच्या पेशी सापडल्या. तो एक ब्लॉक म्हणजे सुमनचं उत्तर होतं. आणि इंजेक्शन सुरू करायचं तर ते वेळेत करायला हवं होतं.

आमच्याकडे ब्लॉक नातेवाईकच पुढं घेऊन जातात. मी तो कापसात, डबीत घालून बाळासाहेबाच्या हातात दिला, कुठं न्यायचा ते दोनदा सांगितलं. गयाबाई शेजारी उभी होती. तिनं विचारलं, "ह्यात सुमीचं मांस हाय व्हय?" मी म्हटलं, "हो मावशी, गाठीचा तुकडा आहे, मेणात घातलेला." तिनं डबीला हात लावून हात डोळ्याला लावला. मला वाटलं, बाई भाविक आहे.

बऱ्याच दिवसांनी संस्थेतल्या डॉक्टरांचा फोन आला. शांत आवाजाचे, कधी घाईत नसलेले गृहस्थ. "तुमचा तो ब्लॉक येणार होता, आला नाही अजून." बाळासाहेबाला फोन केला तर तो म्हणाला, "नेतो की बाई. जरा मशागतीची गडबड हाय." त्याचा मोठा आवाज कुठं गेला होता कळेना. मी पुन्हा केला, त्यानं उचलला नाही. मग सुमनचाच फोन आला, दबक्या आवाजात. सासूला ती आत्या म्हणायची. "बाई, ब्लॉक न्हाई आता. आत्यानं त्याला माती दिली."

"माती दिली म्हणजे?"

"वावरात पुरला. मला बी आज कळलं. ह्यांना ठावं होतं, पर आईम्होरं बोलंनात."

आमच्या विभागप्रमुख पाठक मॅडमना सांगितलं, तर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनीच संस्थेला फोन लावला. सुमननं संशोधनाला दिलेला गोठवलेला कण तरी शिल्लक असेल, ही शेवटची आशा. डॉक्टरांनी शोध घेऊन सांगितलं की तो घोटून, त्यातलं हवं ते काढून घेऊन वापरून झाला. त्यात कुणाचीच चूक नव्हती, तो त्यासाठीच दिला होता. म्हणजे सुमनच्या त्या गाठीचा सगळ्या जगात एकच तुकडा उरला होता आणि तो चकलांब्याच्या काळ्या रानात होता, ऐन मे महिन्यात.

"किती तापत असेल गं जमीन?" मॅडमनी विचारलं. मेण साधारण छप्पन्न-सत्तावन्न अंशाला वितळतं, हे आम्हा दोघींनाही पाठ होतं. बर्फाची पेटी घेतली, चिमटे घेतले, आणि जाता जाता लॅबमधला लांब काचेचा तापमापक पिशवीत टाकला. तो का घेतला ते तेव्हा मलाही धड सांगता आलं नसतं. सवयीनं हात गेला.

गेवराईपर्यंत एसटीनं आणि तिथून जीपनं गेले. बाळासाहेबाचं घर गावात नाही, शेतातल्या वस्तीवर. मी उतरले तेव्हा दुपारचं ऊन डोक्यावर होतं आणि समोरच्या पट्टीत ट्रॅक्टर चालू होता. मागं रोटाव्हेटर. काळी ढेकळं चक्काचूर होऊन मागं उडत होती. मी चपला सावरत बांधावरून धावत सुटले आणि दोन्ही हात वर करून ओरडले. ट्रॅक्टरवर बाळासाहेबच होता. त्यानं यंत्र बंद केलं.

"ह्या पट्टीत आहे का?" मी विचारलं.

"मला काय ठावं? मायनं एकटीनं पुरला. मी इचारलं तर सांगना."

"आणि तुम्ही तशीच मशागत लावलीत?"

"मंग काय करावं बाई? मिरगाचं काम थांबतं का कुनासाठी?" असं म्हणाला खरा, पण ट्रॅक्टरची किल्ली काढून त्यानं खिशात घातली. त्यालाही ते कळत होतं आणि आईशी वाद घालायचं धाडस नव्हतं. मला त्याचा भयंकर राग आला.

गयाबाई दारात शेंगा फोडत बसली होती. सुमन आतून पाणी घेऊन आली. डोक्यावर नुकतेच कुठं बोटभर केस उगवलेले, त्यावर पदर. मी पाणी प्यायले आणि म्हटलं, "मावशी, तो ब्लॉक मला पाहिजे. तपासणी राहिली आहे. जागा दाखवा."

तिनं शेंगा फोडणं थांबवलं नाही. "माती दिलेलं उकरीत नसत्यात."

"मावशी, ते मढं नाही. सुमन जिवंत आहे."

"तेच म्हनते मी. जिती हाय, ऱ्हाऊ द्या. अंगाचा तुकडा परमुलखात काचंखाली पडला तर जीव त्याच्या मागं जातो. मी त्याला गुमान निजवलाय. आता उकरला तर काय मागं लागंल सांगता येत न्हाई. मला माझी सून पायजे."

मी समजावलं. इंजेक्शनाचं सांगितलं. रोग उलटू शकतो हे सांगितलं. आवाज चढला माझा. बाळासाहेब मध्येच "माय, ऐक की" म्हणाला आणि गयाबाईनं त्याच्याकडं बघताच गप्प झाला. ती दुष्ट असती तर मी भांडून मोकळी झाले असते. पण ती घाबरली होती आणि तिच्या हिशेबानं सुमनला वाचवत होती. संशोधनाच्या प्रशिक्षणात आम्हाला अख्खा एक दिवस शिकवलं होतं की नमुना कुणाचा असतो, रुग्णाचा, रुग्णालयाचा की संस्थेचा. चहा-बिस्किटं खात आम्ही त्यावर पुष्कळ वाद घातला होता. त्या अंगणात त्यातलं एक वाक्य मला आठवेना.

सुमन खांबाला टेकून ऐकत होती. तिनं तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "आत्या, गाठ कुनाची होती?"

गयाबाईनं वर बघितलं.

"ह्या बाईंनी मला इचारलं होतं. गाठीतलं थोडं देतीस का, कशाला पायजे, कुठं जाईल, समदं सांगितलं. न्हाई म्हनलीस तरी इलाज तसाच व्हईल, हे बी सांगितलं. मंग मी व्हय म्हनलं. तुमी मला इचारलं का?"

गयाबाईच्या हातातली शेंग न फोडताच राहिली.

"तुमी माझ्यासाठीच केलं, मला ठावं हाय. तुमी नसत्या तर मी त्या सलाईनीतच मेले असते. पर अंग माझं हाय. मी उकरते. पाप लागलं तर मला लागू द्या." असं म्हणून ती भिंतीला टेकवलेलं खुरपं घेऊन चालायला लागली. कुठं खणायचं ते तिला माहीत नव्हतं, तरी निघाली. ऑपरेशनच्या बाजूचा हात तिला अजून धड वर उचलता येत नव्हता.

गयाबाई उठली. सुपातल्या शेंगा अंगणभर सांडल्या. "थांब गं," ती म्हणाली. "तिकडं न्हाई. भलतीकडं खुरपं घालशील."

ती आम्हाला बांधावरच्या कडुलिंबाखाली घेऊन गेली. रोटाव्हेटर फिरलेली शेवटची ओळ तिथून हाकेच्या अंतरावर होती. लिंबाच्या बुडाशी एक शेंदूर लावलेला लहान दगड होता. त्याच्यापासून वीतभर अलीकडं तिनं बोट ठेवलं. "हितं. हळू. पलीकडं माझी लेक हाय."

मला आधी समजलं नाही. मग बाळासाहेबानं टोपी काढली तेव्हा समजलं. त्याच्या आधी एक मुलगी झाली होती, तान्हीच गेली. तान्ह्या लेकरांना आमच्याकडं जाळत नाहीत, पुरतात. गयाबाईनं सुमनचा तुकडा नेऊन तिच्या शेजारी ठेवला होता.

"एकटं नको ऱ्हायला, म्हनून," ती म्हणाली.

खुरपं सुमनच्या हातातून गयाबाईनंच घेतलं, मग तेही बाजूला टाकलं आणि हातानं माती ओढायला लागली. माती वरून भुसभुशीत, खाली घट्ट. ती दगडाकडच्या बाजूला एक हात आडवा धरून दुसऱ्यानं उकरत होती, पलीकडची माती ढळू नये म्हणून. मी मध्येच तापमापक काढला आणि खड्ड्यात खुपसला. गयाबाईनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं.

"मातीला बी ताप येतो व्हय?"

"बघू या," मी म्हटलं. लिंबाची सावली होती म्हणून आकडा मेण वितळण्याच्या खालीच थांबला, पण मेण मऊ पडावं इतका होता. मी तो हातावर लिहून घेतला. सुमनला हसू आलं. त्या सगळ्यात ती हसली याचा मला आजही अचंबा वाटतो.

आधी हिरवा खण दिसला. खणात हळदकुंकू, एक सुपारी आणि आत डबीशिवाय, नुसता ब्लॉक. मऊ होऊन एक कोपरा दबलेला, मुंग्यांनी एक कड कुरतडलेली, मेणात मातीचे कण रुतलेले आणि सगळा हळदीनं पिवळा. पेन्सिलचा नंबर मात्र जसाच्या तसा होता. मी तो बर्फाच्या पेटीत ठेवला तेव्हा गयाबाईनं पेटीला हात लावला नाही. ती खड्ड्याकडं बघत बसून राहिली.

बाळासाहेब मला गेवराईपर्यंत सोडायला आला. वाटेत त्याचा मोठा आवाज परत आला होता. "बाई, तुमचा कागुद असतो ना, नमुना कुठं ठिवला वगैरे. त्यात हे मातीचं लिहू नका. गडबडीत त्यांनी बाद केलं तर? दवाखान्याच्या कपाटात हुता म्हना. कुनाला कळतंय?"

मीही तोच विचार करत होते. अटी ठरलेल्या होत्या. ज्या नमुन्याची हेळसांड झाली तो संशोधनातून बाद. बाद झाला तर सुमनची तपासणी होणार नाही, निकाल नाही, म्हणून इंजेक्शन नाही. ज्या ब्लॉकसाठी त्या म्हातारीनं लेकीच्या शेजारची माती हातानं ओढली, तो माझ्या एका ओळीनं परत येणार. आणि ती ओळ न लिहिणं किती सोपं होतं.

पाठक मॅडम वाट बघत थांबल्या होत्या. त्यांनी ब्लॉक भिंगाखाली धरला आणि म्हणाल्या, "ऊती आहे. पण बाई, तू खरं लिहिलंस तर घेतील का गं ते?" त्याही तेच म्हणत होत्या. आयुष्यभर कधी एका निकालात अक्षर न बदललेली बाई माझ्यासमोर ओठ चावत उभी होती.

"मॅडम," मी म्हटलं, "आपण कपाट लिहिलं आणि तिकडं काहीच दिसलं नाही, तर ते काय समजतील? रोगात ते प्रथिन नाही असं समजतील, की मातीनं खाल्लं असं? त्यांना मातीचं माहीतच नसेल."

मॅडमनी पेन माझ्याकडं सरकवलं आणि म्हणाल्या, "लिही. खाली मीही सही करते." मी सगळं लिहिलं. शेतातली माती, लिंबाची सावली, किती खोल, मातीचं तापमान, खणात गुंडाळलेला, हळद लागलेली, मुंग्या. लिहून झाल्यावर मला वाटलं, मी सुमनला मारलं. दुसरं काही वाटलं नाही.

काप काढायचं काम त्याहून वाईट. मातीचा एक कण जरी पात्याखाली आला तरी पातं चरा पाडतं आणि अख्खा काप फाटतो. मी सुईनं एकेक कण टिपला. मेण परत वितळवून नव्यानं घालायचं का, यावर मॅडम आणि मी बराच वेळ घोळ घातला आणि शेवटी नको म्हणून ठरवलं, कारण वितळताना माती आत जाईल. बर्फावर गार करायचा, दोन काप घ्यायचे, परत बर्फावर. उकाड्यानं पाण्याच्या भांड्याजवळ उभं राहवत नव्हतं आणि त्यात लाईट गेली. पंखा नाही, दिवा नाही. खिडकीच्या उजेडात चाक हातानं फिरवत मी मोजके काप काचेवर घेतले. पहिल्यांदाच मला माझ्या श्वासाची भीती वाटली. ते काप मी स्वतः संस्थेत नेऊन दिले.

डॉक्टरांनी माझा कागद माझ्यासमोरच वाचला. वाचता वाचता त्यांनी विचारलं, "खण म्हणजे काय?" मी सांगितलं. त्यांनी पुढचं सगळं वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं. मी उभीच होते. "हे मला समितीसमोर ठेवावं लागेल," ते म्हणाले. "संशोधनात याची गणना नाही होणार. पण तपासणी मी करतो. रुग्ण आधी."

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. या तपासणीत पेशींमध्ये चमकणारे ठिपके मोजतात, कर्करोगाच्या पेशींत ते भरमसाट असले तर इंजेक्शन लागू. "ठिपके दिसत नाहीत," ते म्हणाले. "पण शेजारच्या निरोगी पेशींतही दिसत नाहीत. तिथं ते असायलाच हवेत. म्हणजे वरचा थर उष्णतेनं खराब झालाय; रोगात ते प्रथिन नाही, असा याचा अर्थ नाही. तुम्ही मातीचं लिहिलं नसतं तर मी हा नमुना निकामी म्हणून परत पाठवला असता. आणखी खोलातले काप काढता येतील?"

काढता येतील का? ब्लॉकमध्ये आता ऊतीची झिरझिरीत चकती उरली होती, खालून मेण दिसत होतं. मी मॅडमना उभं राहायला सांगितलं, कुणाला दार उघडू दिलं नाही. वरचे काप काढत गेले, खराब थर गेला असं मॅडमनी सांगितलं तेव्हा थांबले. मग पुढचे काप घेतले. तिसऱ्या कापानंतर ऊती संपली. पात्याखाली फक्त मेण येऊ लागलं. सुमनची गाठ आता फक्त तीन काचांवर होती. मी त्या काचा मांडीवर धरून रात्रभर एसटीत बसले. कुणी धक्का मारला की दोन्ही हात त्यांच्यावर ठेवायची.

मग वाट बघणं. त्या दिवसांत मी घरी कुणाशी नीट बोलले नाही. नवऱ्यानं दोनदा भाजीत मीठ नाही म्हणून सांगितलं आणि तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

निकाल सकाळी आला. डॉक्टरांचा आवाज पहिल्यांदाच घाईत होता. "दुसऱ्या वेळी निरोगी पेशींत ठिपके व्यवस्थित आलेत, म्हणजे नमुन्यावर विश्वास ठेवता येतो. आणि रोगाच्या पेशींत मोजता येत नाहीत इतके आहेत. इंजेक्शन सुरू करा. आजच सांगा त्यांना." पाठक मॅडमनी खुर्चीतून उठून मला मिठी मारली. इतक्या वर्षांत एकदाही मारली नव्हती.

मी वस्तीवर फोन लावला. गयाबाईनं उचलला.

"मावशी, निकाल आला. औषध लागू पडणार आहे. सुमनला घेऊन या."

 

"नक्की का?" तिनं विचारलं.

"नक्की. तुम्ही हातानं काढून दिलात म्हणून."

ती रडत होती. मग सुमनला हाक मारली, "सुमे, खोरं आन गं," आणि मला म्हणाली, "खड्डा तसाच ठिवला होता मी. निकाल वाईट आला असता तर त्यो तुकडा परत आनून तितंच निजवनार होते. बुजवते आता. लई दिस माझ्या लेकीला ऊन लागतंय."